पूजेला बसलेली चाकं

“तात्या! माझ्या चाकांना काय फासलंय हे?”

धनश्रीची किंकाळी ऐकून मी पुरणाचं पातेलं गॅसवरनं उतरवलं आणि पदराला हात पुसत पुढं दुकानात आले. आमचं घर मागं, दुकान पुढं, मध्ये नुसता पडदा. हायवेला, वाईकडे वळायच्या फाट्याच्या थोडं अलीकडे. ट्रकांचे टायर, पंक्चर, हवा. खंडेनवमी होती, त्यामुळे गिऱ्हाईक बंद आणि उदबत्ती चालू.

भिंतीकडेला धुतलेलं पोतं अंथरून त्यावर सगळी हत्यारं मांडली होती. पाने, जॅक, टायर काढायच्या टाम्या, घण, हवेचा मीटर. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ घालून नवरदेवागत मधोमध उभा केला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, मानाच्या जागी, माझ्या नातीच्या डोंगरी सायकलीची दोन्ही चाकं. टायर नसलेली, उघडी. हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली.

तात्या म्हणजे माझा धाकटा दीर, निवृत्ती. साठीचा माणूस, पण त्या वेळी तोंड असं केलं होतं जसं शाळेत पहिला नंबर आलाय.

“खोबरेल लावलं गं. सगळ्या लोखंडाला लावतो तसं. तुझी चाकं बी म्हटलं बसवावी पूजेला, उद्या शर्यत हाय. आतनं-बाहेरनं बोट घालून पुसली. चमकत्यात बघ कशी.”

“आतनं?” धनी म्हणाली. “टेपवर?”

“ती चिकटपट्टी व्हय? ती एका जागी उचलली व्हती. म्हटलं खालचं लोखंड कोरडं नको ऱ्हायला, म्हणून तिच्या खाली बी सोडलं जरा.”

धनी खाली बसली. रडली नाही, आम्हा दोघींत रडायची पद्धत नाही, पण बसली. तिच्या हातात नुकतंच एसटीच्या कंडक्टरनं आणून दिलेलं पुडकं होतं. तिला शर्यतीचं शिकवणाऱ्या सरांनी पुण्याहून धाडलेलं. त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक बाटली, बाटलीत पांढरं दुधासारखं औषध. त्या पुडक्यासाठी ती आठ दिवस रस्त्याकडे बघत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. ह्या नव्या टायरांना आत ट्यूब नसते. रिममध्ये तारांची भोकं असतात, ती आतून टेपनं अशी बंद करायची की हवेला जायला सुईएवढी जागा राहू नये. मग व्हॉल्व्ह बसवायचा, टायर चढवायचा, हवा मारून टायरची कड रिमच्या खोबणीत बसवायची, आणि आत ते दूध सोडायचं. काटा घुसला की दूध भोकाशी धावतं आणि तिथंच थिजतं. चाकाला कळतसुद्धा नाही. पण सगळा खेळ त्या टेपेवर. आणि टेपेखाली तात्यानं खोबरेल सोडलं होतं.

आदल्या वर्षी ह्याच शर्यतीत धनी ट्यूबच्याच टायरवर धावली होती. डोंगरातली वाट, वरून बाभळीचा आणि हिवराचा काटा सांडलेला. आधी पुढचं चाक बसलं, मग मागचं. पोरीनं सायकल खांद्यावर घेतली आणि बाकीची वाट पायी चालत आली. सगळ्यात शेवटी. गर्दीतला एक भला माणूस म्हणाला, “पंक्चरवाल्यांचीच पोरगी पंक्चर झाली की वं!” लोक हसले. मी त्याला म्हणाले, “पोरगी चालून आली बाबा. तुझा पोरगा टेम्पोत बसून आलाय, तो आधी उतरवून घे.” मग ते त्याला हसले. पण बोलणं बोलून झालं तरी टोचायचं राहतं.

धनीचे आई-बाप पिंपरीला कंपनीत. डोंगर माझ्याकडे आहे म्हणून पोरगी माझ्याकडे. बापानं फोनवर सांगून ठेवलं होतं, ही शेवटची. पहिल्या तिनात आली तर राज्याच्या संघात जाईल, पुण्याला शिबिरात राहील, मी आडवा येणार नाही. नाही आली तर सायकल विकायची आणि कॉलेजात नाव घालायचं. पुढच्या वर्षी ती अठराच्या वर जात होती, त्या गटात पुन्हा धावताच येणार नव्हतं. शर्यत दसऱ्याच्या सकाळी. म्हणजे उद्या.

मी वाकले आणि पूजेतनं दोन्ही चाकं उचलली.

“वैनी!” तात्या ओरडला. “बसलेलं उचलायचं न्हाय!”

“चाकं दुकानाची न्हाईत. पोरीची हायेत. ती काय तुमच्या देवाला इचारून पूजेला बसली न्हवती, तुम्ही धरून बसवली.”

“दसरा उजाडल्याबिगर—”

“दसरा उजाडंल तवा शर्यत सुटंल, भावजी. अशी उघडी चाकं न्हेऊन तिथं काय ओवाळायची?”

तात्या मागं सरला. चाकांचं त्याला पटलं असावं, किंवा स्वतःच्या बोटांना लागलेलं तेल दिसलं असावं. एवढंच म्हणाला, “बरं, चाकं घ्या. पण दुकानाच्या एका बी हत्याराला हात लागता कामा नये.”

“बघू,” मी म्हणाले.

आम्ही दोघी मागच्या मोरीत बसलो. धनीनं टेप ओढून काढली, ती केळीच्या सालीसारखी सुटून आली. मग भांड्याच्या साबणानं रिम धुतल्या, वाळवल्या, पुन्हा धुतल्या. खोबरेल म्हणजे किती चिवट जिन्नस, ते त्या दिवशी कळलं. केसाला लावतो तेव्हा तासाभरात गायब होतं, आणि इथं भोकाभोकांतून पाझरत होतं. शेवटी मेडिकलमधून इंजेक्शनच्या आधी पुसतात ते स्पिरिट आणलं. धनी पुसायची, मी बोट फिरवून बघायची.

“आज्जी, तुझ्या बोटालाच पुरणाचं तूप आहे!”

“मग तूच बघ बोट फिरवून. मला काय कामं नसल्यागत.”

“तू रागावलीस का तात्यांवर?”

“तुला चाकं वापरायला पाहिजेत का माझा राग?”

सरांनी दिलेल्या टेपेचं भेंडोळं थोडं उरलं होतं. मी रिम गुडघ्यात धरली, धनीनं टेप ताणून ताणून ओढत फिरवली. ढिली टेप म्हणजे सुरकुतलेली टेप, आणि सुरकुतीतनं हवा जाणार. दोन्ही चाकांना पुरली, कशीबशी, टोकावर टोक चढवण्यापुरती. व्हॉल्व्हच्या जागी तिनं तापलेल्या दाभणानं भोक पाडलं, व्हॉल्व्ह बसवला, खालून चाकी आवळली. टायर चढवले. आता हवा.

आमच्या दुकानाच्या हातपंपालाही तात्यानं कुंकू लावून ठेवलं होतं. म्हणून धनी दूधवाल्याचा पंप मागून आली. पोरगी पंपावर अशी नाचली की बघणाऱ्याला वाटावं अंगात आलंय. इकडून मारलेली हवा तिकडून कडेतून फस्स करून बाहेर. टायर लोळागोळा तो लोळागोळाच.

“ह्याला एकदम हवा लागते आज्जी. एका दमात. कड रिमला चिकटायच्या आधी हवा पळून जातीय.”

मग ती चाक घेऊन पेट्रोल पंपावर गेली. आली ती पाय ओढत. तिथल्या मशीनची हवा म्हणे दमेकऱ्याच्या फुंकरीसारखी, आणि वरून तिथला माणूस म्हणाला, ताई, सायकलीला कुठं हो एवढा ताप घेता, ट्यूब टाका की.

वाईतल्या सायकलवाल्याला फोन लावला. त्याचंही दुकान पूजेला बसलेलं. फाट्यावरचे दुसरे दोन टायरवाले, त्यांचंही तेच. आमच्या धंद्यात खंडेनवमीला सगळ्या मुलखात एकही पाना हलत नाही. दिवस कलायला लागला होता. मोरीच्या भिंतीवर ऊन होतं ते कौलांवर गेलं.

धनी म्हणाली, “राहू दे आज्जी. ट्यूब टाकते. जेवढं जाईल तेवढं जाईन.”

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला चपराक बसल्यासारखं झालं. गेल्या वर्षी सायकल खांद्यावर घेऊन आलेली पोरगी. तिला मी कधी ‘राहू दे’ म्हणताना ऐकलं नव्हतं.

मी चाक उचललं, साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि पडदा सारून दुकानात गेले.

तात्या समईत तेल घालत होता. मी सरळ कॉम्प्रेसरपाशी गेले. तो मध्ये आला. हात पसरून, जशी काही मी म्हैस आहे आणि गोठ्यातनं सुटलेय.

“वैनी, ह्याला हात लावलात तर मी हितनं उठून जाईन. कायमचा.”

“जा की. जाताना गाईचा नैवेद्य तेवढा घेऊन जावा, ती मागं वाट बघतीय.”

“थट्टा न्हाय! तुम्हाला ठावं हाय मी का म्हनतो ते. ह्या घरात सगळ्यांत जास्त तुम्हाला ठावं हाय.”

धनी माझ्या मागं येऊन थांबली होती. तात्यानं तिच्याकडे बघितलं आणि तेच सुरू केलं, जे तो दर खंडेनवमीला सुरू करायचा. नवा गडी असो, पाव्हणा असो, चहा प्यायला टेकलेला ड्रायव्हर असो.

“तुझ्या आज्ज्यानं ह्याच दिवशी पूजेतली टामी उचलली व्हती, पोरी. टोमॅटोचा ट्रक आडला व्हता. मी म्हनलं, दादा, नगं. ऐकलं न्हाय. देवाच्या म्होरनं हत्यार उचललं आन् देवानं त्याला उचललं. हवा भरताना चाकावर टायर अडवून धरणारी लोखंडी रिंग उडाली, हितं लागली.” तात्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “तवापास्नं ह्या दुकानात—”

“तवापास्नं ह्या दुकानात माझा नवरा दर साली मरतोय,” मी म्हणाले.

तात्यानं छातीवरचा हात काढला आणि पुन्हा आडवा पसरला.

इतकी वर्षं मी ते ऐकत आले होते. आधी तेराव्याला गुरवानं सांगितलं, देवाचा कोप. मग माझ्या माहेरच्यांनी कुजबुजून. मग गावानं उघड. माझा मालक, दौलत बाबर, ज्यानं उभ्या हयातीत कुणाचा एक नट ढिला ठेवला नाही, तो पापानं मेला, असं झालं. माझ्या पोराला शाळेत हेच ऐकायला लागलं. बाकीच्यांची तोंडं मी बंद केली, मला ते जमतं. पण घरातलंच तोंड दरवर्षी फुलं वाहून तेच सांगायचं, त्याला काय करणार. आणि तात्या ते रडत सांगायचा. रडणाऱ्या माणसाला कसं बोलायचं, ते मला आयुष्यात जमलं नाही.

त्या दिवशी तो रडत नव्हता. हात पसरून उभा होता.

“बाजूला व्हा, भावजी.”

“न्हाय.”

“धने, तुला ऐकायचं नसंल तर मागं जा.”

“मी इथंच आहे,” धनी म्हणाली.

“मग ऐक. भावजी, ती उडालेली रिंग मी बघितली व्हती. मयत उचलायच्या आधी मीच ती उचलून बाजूला ठेवली, पोलीस यायच्या आत. पोराच्या पायाखाली नको म्हणून. दोन तुकडे झाले व्हते. नवं लोखंड मोडलं की मोडलेली जागा चकचकते. तुम्ही मला सांगावं असं न्हाय, मी बी ह्याच दुकानात हात काळे केलेत. ती जागा चकचकत न्हवती. आतपर्यंत गंजून तांबारलेली. ती रिंग आधीपास्नंच चिरलेली व्हती. कधीची.”

तात्याचे हात खाली आले.

“ती रिंग कुठनं आली व्हती, ते बी मला ठावं हाय,” मी म्हणाले. “भंगाराच्या बाजारातनं. स्वस्तात मिळाली म्हणून कोण खूश झालं व्हतं, ते बी. मी कधी बोलले? ह्या तोंडानं गावातलं एक माणूस सोडलं न्हाय, पण हे कधी बोलले?”

समईच्या वाती तडतडत होत्या.

“न्हाय बोलले. कारण तुम्ही त्या येळी चोवीस वर्साचं पोर व्हता, आणि चूक केली न्हवती, स्वस्त वस्तू आणली व्हती. ती सगळेच आणतात. पण तुमच्या दादाला पापी करून तुम्ही सुटायचं, हे कुठवर? देवाला मध्ये घालून कुठवर? देव टोमॅटोच्या ट्रकसाठी माणूस मारत असंल तर तसला देव मी ह्या घराच्या पायरीवर बी उभा करणार न्हाय. माणूस अडला व्हता म्हणून त्यांनी टामी उचलली. मी त्यांच्या जागी असते तर मी बी उचलली असती. आन् आज उचलतीय.”

मी कॉम्प्रेसरची माळ काढली. फेकली नाही. फेकण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं. तात्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, कारण दिलेली वस्तू घ्यायची त्याची सवय होती.

बटण दाबलं. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. कुंकवाचे दोन पट्टे त्याच्या चाकावर गरागरा फिरले आणि त्यांची एकच लाल रेघ झाली.

मी टायरच्या दोन्ही कडांना साबणाचा फेस चोळला, म्हणजे रबर सरकायला सोपं. धनीनं व्हॉल्व्हच्या आतली पिन काढली, वाट मोकळी केली. टाकीत हवा भरत होती. मीटरचा काटा वर चढत होता.

“आज्जी, ट्रकवानी भरू नको हं. हे पातळ आहे.”

“तू मला हवा शिकवणार?”

“शिकवणार,” धनी म्हणाली. “ह्याला थोडीच लागते. आवाज झाला की सोड. आवाज दोनदा होईल. घाबरू नको.”

“मी?” मी म्हणाले.

नळी व्हॉल्व्हवर दाबून धरली आणि मोकळी सोडली. टायर एकदम फुगला, फेसाचे फुगे कडेनं उडाले, आणि मग फट्ट! आणि लगेच दुसरा, फट्ट! दुकानाच्या पत्र्याला आवाज धडकून परत आला. बंदुकीसारखा.

तात्या खाली बसला होता. दोन्ही कानांवर हात, माळ मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले.

मी नळी काढली. टायरची कड गोल बसली होती, कुठं वर नाही, कुठं खाली नाही. ती बघितली आणि मग त्याच्यापाशी गेले.

“भावजी. डोळे उघडा.”

“गेलं?” तो म्हणाला.

“काय गेलं? टायर बसला. तुमच्या खोबरेलाला न जुमानता बसला.”

त्यानं डोळे उघडले. चाकाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. मला वाटतं तो बोटं मोजत होता.

“मला ठावं व्हतं,” तो हळू म्हणाला. “चिरलेली हाय ते. दादाला मी सांगितलं व्हतं, चालंल की, थोडीच चीर हाय. दादा म्हनला व्हता, नगं, ही टाकून दे. मी टाकली न्हवती. त्या दिवशी घाईत दुसरी घावली न्हाय, तीच चढली.”

धनीनं माझा हात धरला. हे मला माहीत नव्हतं. टाकून दे म्हणाले होते, हे. मी एवढं सगळं बोलले होते आणि तरी हे एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. माझ्या नवऱ्यानं ती रिंग ओळखली होती. त्याला कळलं होतं. मी भिंतीला टेकले. तात्याला शिव्या द्याव्यात असं मनात आलं, आणि आल्या तशा त्या परत गेल्या. त्याला जे भोगायचं होतं ते त्यानं दरसाल स्वतःच्या तोंडानं भोगलं होतं.

“उठा,” मी म्हणाले. “अजून एक चाक बाकी हाय.”

“मी भरतो,” तात्या म्हणाला.

“आवाज परत व्हणार, भावजी.”

“व्हऊ दे. मी भरतो.”

तो उठला. हातातली माळ कुठं ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून स्वतःच्याच गळ्यात घातली. धनी हसली, मग तिनं तोंड दाबलं. तात्यानं दुसऱ्या टायरला साबण लावला, इतका लावला की चाक न्हाणीघरातनं आल्यासारखं दिसायला लागलं. नळी धरली. डोळे मिटले.

“डोळे उघडे ठेवून, भावजी.”

“व्हय.”

फट्ट. फट्ट. ह्या वेळी तो हलला नाही. नळी काढली तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरनं गळत होता.

पुढचं काम धनीचं. तिनं हवा सोडली, व्हॉल्व्हमधून ते पांढरं दूध आत घातलं, पिन बसवली, पुन्हा हवा भरली, आणि चाक दोन्ही हातांत धरून सुपानं पाखडावं तसं पाखडायला लागली. इकडून तिकडून, फिरवून. कडेला एके जागी बारीक फुगे येत होते. तिथं तिनं चाक आडवं धरलं, दूध त्या बाजूला गेलं, फुगे कमी झाले, मग बंद झाले. मागच्या चाकाला टेपेचं टोक जिथं आलं होतं तिथं जरा जास्त वेळ लागला. तात्या वाकून बघत होता.

“तेलानं झालं व्हय ते?”

“तेलानंच,” धनी म्हणाली. मग त्याचं तोंड बघून म्हणाली, “पण बंद झालं बघा.”

रात्रीला आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. तात्या आमच्यात बसला. त्यानं घर सोडून जायचं काही पुन्हा काढलं नाही, मीही विचारलं नाही.

सकाळी चाकं अजून टणक होती. मी अंगठ्यानं दाबून बघितली, धनीनं दाबून बघितली, मग तात्यानं, कुणी बघत नाही असं वाटून. शेजारच्याच्या जीपमधून आम्ही शर्यतीच्या माळावर गेलो. झेंडे, मांडव, लाऊडस्पीकर. पुण्या-मुंबईच्या पोरी, त्यांच्या सायकली अशा की आमची जीप त्यापुढे भंगार. धनी त्यांच्यात जाऊन उभी राहिली. मला तिची फक्त वेणी दिसत होती.

शर्यत सुटली आणि डोंगराआड गेली. मग तिथं बघण्यासारखं काही नसतं. लोक उसाचा रस पितात आणि वाट बघतात. तात्या रस प्यायला नाही. तो मला सारखा विचारत होता, “वैनी, फुगे बंद झाले व्हते न्हवं?”

“बंद झाले व्हते.”

“मागच्याचे?”

“मागच्याचे बी. आता इचारलंत तर मी तुम्हालाच पाखडीन.”

पहिली पोरगी आली, पुण्याची. मग बराच वेळ कुणी नाही. मग दोघी एकदम वळणावर दिसल्या, दुसरीच्या मागं तिसरी चिकटलेली, आणि त्यांच्या मागून ती वेणी. तात्यानं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. त्या शेवटच्या उतारावर नुसते दगड आणि काट्यांचा पाचोळा. पुढच्या दोघींतल्या एकीचं चाक डगमगलं, ती खाली पाय टेकून थांबली, टायर बघायला वाकली. धनी तिच्या बाजूनं, थेट काट्यांतून, न वळता खाली आली.

तिसरी.

मी गर्दीतनं कोपरं मारत तिच्यापाशी गेले. पोरगी धुळीनं माखलेली, श्वास घेता येत नव्हता. मी तिला धरलं नाही, आधी टायर बघितला. बाभळीचे काटे मोडून अडकलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पांढरा ठिपका. चाक टणक.

संघाच्या लोकांनी तिचं नाव लिहून घेतलं. मग माईकवाला आला, हसरा माणूस, सगळ्यांना काहीतरी विचारत फिरत होता.

“आपल्या भागातली लेक! काय म्हणता ताई, काट्यांतून थेट? टायर जबरदस्त दिसतात. कुठं बसवून घेतले, पुण्यात?”

“नाही,” धनी म्हणाली. “आमच्याच दुकानात. फाट्यावर. काल.”

“काल?” माईकवाला लोकांकडे बघून हसला. “काल खंडेनवमी होती ताई! खंडेनवमीला कुणाचं दुकान उघडं असतं?”

पुढं उभे असलेले हसले. त्यांत आमच्या बाजूची माणसं होती, टायरवाले, सायकलवाले, गुरवाचा पोरगाही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं.

पण तात्या माझ्याआधी गेला. त्यानं माईकवाल्याच्या हातातला माईक टामी धरतात तसा मुठीत धरला आणि तोंडाच्या फार जवळ नेला, त्यामुळे सगळ्या माळावर आधी त्याचा श्वास ऐकू आला.

“दौलत बाबरांचं,” तो म्हणाला. “माझ्या थोरल्या भावाचं. माणूस अडलं तर ते कवा बी उघडं असतं.”

माईक परत देताना त्याला तो कुणाकडे द्यायचा ते कळेना, म्हणून त्यानं तो माझ्याकडे दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला बोलायचं असतं तर खूप होतं. मी माईक माईकवाल्याला दिला, पदर सारखा केला आणि त्या सगळ्यांसमोर, एकेकाच्या डोळ्यात बघत, उभी राहिले.